तुपाचं अस्तर

"काल संध्याकाळी खारं काय खाल्लं?"

भिवंडीतल्या एका खासगी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न हाच. "दारू घेता का?" याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: "न्हाय." बायको शेजारी बसली असेल तर "कवातरी." बायकोनेच तोंड उघडलं तर उत्तर राहून जातं आणि भांडण सुरू होतं. खाण्याविषयी बोलायला मात्र माणूस लाजत नाही. मसाला शेंगदाणे, चणाडाळ, भाजलेला जवळा, वजरी, कांदाभजी; सांगता सांगता त्याच्या चेहऱ्यावर चव येते. मग विचारायचं, "आणि याच्यासोबत?" तोवर मागे फिरायची वाट बंद झालेली असते.

बाहेरच्यांना आहारतज्ज्ञ म्हणजे वजन उतरवणारी बाई वाटते. रुग्णालयात कोणाच्या ताटात मीठ किती, कोणाला अंडं द्यायचं, कोणाला नळीतून काय घालायचं, हे डॉक्टरांच्या सोबतीने ठरवावं लागतं, आणि घरी गेल्यावरही पाळलं जाईल अशा भाषेत सांगावं लागतं. ठरवणं शिकता येतं. सांगणं गावागणिक बदलतं.

खोलीत रुग्णाची खुर्ची मुद्दाम खिडकीजवळ ठेवलेली असे. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा फसवतो. कावीळ बघायची ती दिवसाच्या उजेडात, खालची पापणी अंगठ्याने ओढून, डोळ्याच्या पांढऱ्यावर. कातडीचा रंग उन्हाने, धुळीने, वंशाने बदलतो. डोळ्याचा पांढरा भाग खोटं बोलत नाही.

या कामाआधी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर गेली. तिथला नियम होता: दिसलं ते आधी लिहा, वाटलं ते शेवटी, जागा उरली तर. पुढचं त्याच नियमाने लिहिलं आहे. नावं बदलली आहेत.

यकृताचे रुग्ण म्हटले की सगळे पिणारेच असतात, असं नाही. धामणकर नाक्याजवळच्या एका फरसाणवाल्याची सोनोग्राफी झाली आणि यकृतावर चरबी निघाली. गृहस्थांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. रिपोर्ट टेबलावर आपटून ते म्हणाले, "मॅडम, माझी अब्रू घालवलीत तुम्ही. सासरे विचारतात, जावईबापू कधीपासून?" त्यांना समजावलं की दिवसभर तळणीची चव बघणं, गोड चहाचे कप रिचवणं आणि गल्ल्यावरून न उठणं यानेही यकृतात चरबी साठते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हे सासऱ्यांना लिहून द्या. लेटरहेडवर." लिहून दिलं. ते त्यांनी दुकानात लावलं नाही, एवढाच दोघांचा फायदा.

हसण्यासारखं इथंच संपतं.

जनार्दन भिवंडीजवळच्या कोन या गावचा. वय पंचेचाळिशीच्या आत. घरची जमीन गोदामांना गेली, भाडं येऊ लागलं, आणि वडिलांनी चालवलेले माग विकून टाकले गेले. त्या मागांवर अस्तराचं कापड निघत असे. कोटाच्या, ब्लाऊजच्या आतून लावतात ते. जनार्दन स्वतः त्या मागांवर उभा राहिलेला. हातात सोन्याचं कडं, बोलणं मऊ. सोबत बायको वनिता आणि धाकटा भाऊ दिलीप. दिलीप खोलीतही काळा गॉगल घालून होता.

"भाऊजी, आत तरी काढा," वनिता म्हणाली.

"वयनी, उजेड लागतो डोल्यांना."

"याला लायटीत पन लागतो," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "हीरो हाय कोनचा."

जनार्दनला खिडकीजवळ बसवलं. डोळे पिकलेल्या लिंबासारखे. पोट ताणलेलं, आणि दंड काठीसारखे बारीक. पोटात पाणी आणि हातापायांवर मांस नाही, हे चित्र या कामात ओळखीचं होतं.

खाऱ्याचा प्रश्न विचारला. जनार्दनने मान हलवली. "खारं न्हाय खात मी. आदी तूप."

"तूप?"

"वाटीभर. कोमट करून. मंग मटनाचा रस्सा, चरबी असलेला. मंग बसायचं." त्याने पोटावरून तळहात फिरवला. "आतून अस्तर लागतं, मॅडम. तुपाचं. दारू लिव्हरपरयंत पोचतच न्हाय."

दिलीप मागून म्हणाला, "दादानीच शिकवलंय आमच्या अख्ख्या ग्रुपला. दादा कवा पडला न्हाय, कवा झोकांडी न्हाय."

वनितानेही मान हलवली. गावात नवऱ्याविषयी जे बोललं जाई, ते तिने सांगितलं. "सगले बोलतात, जनाभाऊ पितो, पन खाऊन पितो."

'खाऊन पितो' हे तिकडे चारित्र्याचं प्रमाणपत्र आहे. उपाशी पिणारा बेवडा. खाऊन पिणारा घरंदाज.

या समजुतीत एक अंश खरा आहे, आणि तोच माणसाला मारतो. पोटात चरबीचं जेवण असलं की पोट उशिरा रिकामं होतं. दारू हळूहळू रक्तात जाते, झिंग उशिरा आणि कमी चढते. माणूस सरळ चालत घरी येतो. त्यामुळे तो आणखी पितो. जनार्दनला हे नाक्याच्या भाषेत सांगितलं: धामणकर नाक्यावर टेम्पो अडकला म्हणून त्यातला माल कमी होत नाही. उशिरा पोचतो, पण गोदामात पूर्ण उतरतो. यकृत हे ते गोदाम. त्यात दारूसोबत रोजचं तूप आणि चरबीही उतरवून घ्यायची.

"मंग अस्तर?" जनार्दनने विचारलं.

अस्तर असतं. आतड्याच्या आतल्या बाजूला, निसर्गाने लावलेलं. पेशींचा एकेरी थर. अन्नातलं कामाचं आत घ्यायचं आणि आतड्यातले जंतू, त्यांची विषं पलीकडे जाऊ द्यायची नाहीत, हे त्याचं काम. रोजच्या दारूने त्याची वीण सैल होते. विषं पाझरतात आणि आतड्याकडून निघणारी शीर ती थेट यकृताकडे नेते. दारू एका दाराने मारते, पोटातली घाण दुसऱ्याने.

जनार्दनने पोटावरच्या शर्टाची कड चिमटीत धरून बघितली. मग म्हणाला, "अस्तर बाहेरून दिसत न्हाय. आत फाटला तरी कोट झ्याक दिसतो. गिऱ्हाईकाला कलत न्हाय." थांबून, "कवा कलतं?"

"बाहीत हात घालताना अडकतो तेव्हा."

त्याला दाखल करून घेतलं गेलं.

वनिताकडून पुढची हकिकत कळली. कावीळ दिसल्यावर घरच्यांनी जेवणातलं तूप, तेल, अंडी, मासळी, डाळ सगळं बंद केलं होतं. काविळीला तेलकट चालत नाही, हे घराघरात माहीत असतं. दिवसभर उसाचा रस आणि भाताची पेज. गळ्यात काविळीची माळ. झाडाच्या काड्यांची ती माळ काड्या सुकल्या की लांबते, आणि ती लांबली म्हणजे कावीळ उतरली असं मानतात. माळ बेंबीपर्यंत आली होती. घरात आनंद होता. त्याच दिवसांत जनार्दनच्या अंगावरचं मांस गेलं. खराब झालेल्या यकृतात साठा राहत नाही. काही तास उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागतं. प्रेमाने केलेली उपासमार, आणि तिचं माप गळ्यात लटकत होतं.

वनिताला हे सांगितलं तेव्हा तिने माळेकडे बघितलं आणि हात मागे घेतला, जणू ती चावेल.

दाखल झाल्यानंतर दारू एकदम थांबली. अशा माणसाची दारू घरी, मनाच्या जोरावर एकदम तोडू नये. थरकाप सुटतो, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांनी औषधांनी सांभाळलं. पण एका दुपारी वॉर्डातून निरोप आला की पेशंट जेवत नाही, हाताला काम लागलंय.

जनार्दन खाटेवर बसला होता. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. दोन्ही हातांची बोटं चादरीवर चालत होती. चिमटीत काहीतरी पकडायचा, दुसऱ्या चिमटीतल्या कशाला तरी जोडायचा, पिळायचा, सोडून पुढच्याकडे जायचा. चादरीवर काहीच नव्हतं.

"काय करताय, जनार्दन?"

"धागा तुटलाय." बोटं थांबली नाहीत. "माग बंद करा कोनीतरी. तुटतोय सारका."

वनिता भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने विचारलं, "ताई, हे येडे झाले का?"

दिलीप दाराबाहेर होता. आत आला नाही.

जनार्दनला वेड लागलेलं नव्हतं. आतड्यात तयार होणारं विष यकृताने गाळायचं असतं. गाळणं थांबलं की ते मेंदूत चढतं. रात्रीची झोप दिवसा येते, अक्षर बिघडतं, हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले की ते पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडतात. उपाय म्हणून गोड, चिकट औषध देतात. त्याने पातळ शौचाला होते आणि विष आतड्यातूनच बाहेर पडतं. "मानसाच्या अंगात जीव न्हाय आनि तुमी जुलाब देता?" वनिता ओरडली. हे वाक्य जवळपास प्रत्येक घरातून ऐकलं आहे. शौचाला झाली का, हा या आजारात जेवणाइतकाच मोठा प्रश्न असतो. आणि ते लाजेपोटी कोणी सांगत नाही.

जनार्दनची बोटं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबली. त्याने बायकोला नावाने हाक मारली. वनिताने मला नंतर सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच मारली.

घरी जाताना ठरलं ते असं. दारूचा थेंब नाही. खोकल्याचं औषधसुद्धा विचारून. मीठ अगदी कमी, म्हणजे सुकी मासळी आणि पापड बंद. दर दोन-तीन तासांनी थोडं खाणं, झोपण्याआधी काहीतरी नक्की. अंडं, डाळ, दही, ताजी मासळी सुरू. आणि भाकरीवर चमचाभर तूप.

"तूप?" वनिता दचकली. "तेच तर…"

"चमचाभर. अन्न म्हणून."

दिलीपने मोबाईल पुढे केला. "मॅडम, ह्यात बोलतंय खोबरेल तेल घेतलं का लिव्हर सुधारतं. पिनाऱ्यांचं पन."

त्या व्हिडिओमागे थोडा आधार आहे. प्रयोगशाळेत उंदरांना दारू पाजून सोबत वेगवेगळी तेलं दिली जातात. काही तेलांनी यकृत लवकर बिघडतं, काहींनी उशिरा. कोणतं तेल कसं वागतं यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. पण उंदराच्या बाटलीत दुसरे लोक ओततात. त्याला नाही म्हणायची सोय नसते. माणसाला असते.

"म्हंजे खोबरेलाचं अस्तर लावलं तर चालंल का न्हाय?" दिलीपने पुन्हा विचारलं.

"कुनासाटी इचारतोस?" जनार्दन खाटेवरून म्हणाला.

"असंच, दादा."

यानंतरचे महिने जनार्दनच्या घरात भीतीचे होते. वनिता दर काही आठवड्यांनी त्याला घेऊन येई, आणि तो तपासणीला आत गेला की बोलू लागे. ती त्याच्या पाण्याच्या बाटलीचा वास घेई. धुवायला टाकलेल्या शर्टाचा वास घेई. तो दुपारी झोपला तर शेजारी बसून राही. रोज सकाळी चहाआधी ती म्हणे, "हात पुढं करा," आणि तो वाहतूक पोलिसासारखे पंजे धरून उभा राही. पंजे स्थिर राहिले की चहा.

"हसतात लोक," ती म्हणाली. "हसूंदे. हात हलला तर माजा जीव जातो."

हात हलले नाहीत. पोटाचं पाणी उतरलं, डोळे निवळले. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की यकृताचा जो भाग कडक झाला तो परत येईल याची खात्री नाही. उरलेल्यावर दिवस काढायचे आहेत, आणि पुन्हा सुरू केली तर पुढची वेळ येईलच असं नाही. जनार्दनने विचारलं, "एक पेग पन?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही एकावर थांबलात असं कधी झालंय?" जनार्दनने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "न्हाय."

मग भाचीचं लग्न ठरलं. जनार्दनची बहीण अंबाडी गावात दिलेली. तिची थोरली मुलगी. आगरी घरात लग्नाआधीची हळद म्हणजे गाव जेवतो, आणि गाव पितो. मामाचा मान पहिला. वनिता त्यासाठी एकटी येऊन बसली.

"ताई, हळदीला या."

"मी कशाला?"

"तुमी समोर असल्या तर ते न्हाय घेनार. आनि बाकीचे पन देनार न्हाईत." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हट्टानं पाजतात वो. मामा न्हाय पिला तर हळद फिकी, असं बोलतात. आजवर त्यानीच बोललेलं हाय हे सगल्यांना."

रुग्णांच्या घरचे कार्यक्रम टाळण्याचा नियम होता. त्या दिवशी तो पाळला नाही.

दुपारी अंगणात मांडव भरलेला. एका बाजूला धवलारीण बायांना घेऊन हळदीची गाणी म्हणत होती. नवरीला हळद लागली, मग पाहुण्यांनी एकमेकांना धरून फासायला सुरुवात केली. गाल, कान, मान, दंड. थोड्या वेळात मांडवातला प्रत्येक माणूस पिवळा होता. इतकी वर्षं पिवळ्या रंगाची धास्ती घेऊन काम केल्यावर ते बघणं सोपं नव्हतं.

पुरुषांची पंगत मागच्या पडवीत. जनार्दन तिथे बसला, तशी वनिता खांबाआड उभी राहिली. कोणीतरी ग्लास पुढे केला.

"मामा, आज न्हाय बोलायचं न्हाय."

"न्हाय."

"अरे, भाचीची हळद हाय! थोबाड बग तुजं, नवऱ्यामुलाचा हेडमास्तर वाटतोस."

"हेडमास्तर तर हेडमास्तर. सरबत दे."

हशा पिकला. ग्लास पुढच्याकडे गेला. जनार्दनने सरबताचा घोट घेतला. वनिताने खांबावरचा हात सोडला. जे घडू नये म्हणून बोलावणं आलं होतं, ते घडलं नव्हतं.

तेवढ्यात एक बाई आतून मोठं पातेलं घेऊन आली. कोमट तूप. तिने ओळीने वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीत पळीभर ओतलं. कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी वाट्या उचलल्या, एकमेकांकडे बघून उंचावल्या, आणि एका सुरात म्हणाले, "जनाभाऊचं अस्तर!" आणि रिकाम्या केल्या.

जनार्दन बघत राहिला. पंगतीत वीस-बावीस वर्षांपासून पन्नाशीपर्यंतचे लोक होते. सरबताचा ग्लास त्याने खाली ठेवला. "अरे, नका," तो म्हणाला. आवाज कोणापर्यंत गेला नाही. "खोटं हाय ते. मी चुकीचं सांगितलं तुमाला." शेजारच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू आजारी पडलास, अस्तर न्हाय."

दिलीप सगळ्यात शेवटी आला, गॉगल लावून. त्याची वाटी राखून ठेवलेली होती. त्याने ती तोंडाला लावली तोच मागून दोन मेहुण्यांनी त्याला धरलं.

"गॉगल काढ रे, हीरो! हळद कुटं लावायची, काचंवर?"

"सोड, ए, सोड…"

गॉगल कोणीतरी ओढला. तोंडभर हळद फासली. कपाळ, पापण्या, नाक. दिलीप हसत, शिव्या देत, डोळे मिटून सुटला आणि चेहरा पुसत उन्हात आला.

मग त्याने डोळे उघडले.

जनार्दन उठला. त्याने भावाचा दंड धरला आणि पडवीबाहेरच्या पाण्याच्या पिंपाकडे नेला. दिलीप म्हणाला, "काय, दादा? राहूंदे. शकुनाची हाय." जनार्दनने ओंजळ भरली आणि त्याच्या तोंडावर मारली. अंगठ्यांनी कपाळ चोळलं, गाल चोळले. पिवळं पाणी शर्टावर ओघळलं. पुन्हा ओंजळ. पुन्हा. कातडी सावळी निघाली, कानांमागची हळदही निघाली, डोळ्यांतलं पिवळं राहिलं.

"झालं, दादा. निघाली."

जनार्दनने त्याला खांद्याला धरून उन्हाकडे वळवलं. खालची पापणी अंगठ्याने ओढली, रुग्णालयातल्या खिडकीशी त्याची स्वतःची ओढली जायची तशीच. वनिता खांबाआडून पुढे आली आणि अर्ध्यावर थांबली.

"दिलीप."

"हां."

"काल संध्याकाली खारं काय खाल्लंस?"

मांडवात धवलारीण नवं गाणं उचलत होती. दिलीपने भावाकडे बघितलं, मग पडवीतल्या वाट्यांकडे.

"कायच न्हाय, दादा," तो म्हणाला. "नुसतं तूप."